रांगेत किती जॉब आहेत ते पुरत नाही, किती वेळ थांबलेत ते दाखवा

प्रश्न : आमचं अ‍ॅप रेल्सवर आहे आणि बॅकग्राउंडची कामं साइडकिकवर चालतात. ग्राफानाच्या डॅशबोर्डवर रांगेतल्या जॉबची संख्या, सीपीयू आणि मेमरी एवढे आलेख आहेत. मध्यंतरी ग्राहकांना ओटीपी पंधरा-पंधरा मिनिटं उशिरा मिळत होते, पण रांगेत जेमतेम दोनशे जॉब दिसत होते. एरवी हजारो असतात आणि काही बिघडत नाही. आलेखांत काय बदल करावा?

उत्तर : जॉबच्या संख्येवरून थांबण्याचा वेळ कळत नाही. 20 थ्रेड (एका वेळी एकेक जॉब चालवणारे धागे) चालू आहेत असं धरा. 20 मिलिसेकंदांचे 12,000 जॉब ते 12 सेकंदांत उरकतात. पण प्रत्येकी 90 सेकंद घेणारे 200 रिपोर्ट असतील, तर रांग रिकामी व्हायला 15 मिनिटं लागतात आणि त्यांच्या मागे उभा राहिलेला ओटीपी तेवढाच वेळ अडकतो. तुमच्याकडे बहुधा हेच झालं असावं. ओटीपी आणि रिपोर्ट यांच्या रांगा तर वेगळ्या कराच, त्या चालवणारे प्रोसेसही वेगळे ठेवा.

डॅशबोर्डवर सगळ्यांत वर एकच मोठा आलेख हवा : प्रत्येक रांगेतल्या सर्वांत जुन्या जॉबचं वय. साइडकिक हा आकडा ‘लेटन्सी’ या नावानं तयार देतं. रांगेगणिक मर्यादा ठरवा, समजा ओटीपीला 10 सेकंद, ईमेलला 5 मिनिटं, रिपोर्टला 1 तास. हे आकडे एका अक्षावर नीट मावत नाहीत, आणि लॉग अक्षावर (जिथे प्रत्येक टप्पा आधीच्या दहापट असतो) शून्य दाखवता येत नाही. त्यापेक्षा वयाला मर्यादेनं भागून येणारं गुणोत्तर काढा. 1 च्या वर गेलेली रेघ रात्रपाळीवरच्या नवख्यालाही वाचता येते.

इथे एक सापळा आहे. बरेच जण जॉब उचलला गेला की मग तो किती थांबला होता ते नोंदवतात. सगळे वर्कर (जॉब चालवणारे थ्रेड) अडकले तर काहीच उचललं जात नाही, म्हणून नोंदही होत नाही, आणि अवस्था सर्वांत वाईट असताना आलेख कोरा राहतो. वय रेडिसमधून (साइडकिक रांगा ज्यात साठवतं त्या डेटाबेसमधून) मोजा आणि मोजणारा प्रोसेस वर्करपासून वेगळा ठेवा. डेटा नसेल तिथे शून्य दाखवू नका. डेटा थांबला तर त्याचाही अलर्ट हवा.

त्याखाली दर सेकंदाला येणारे आणि पूर्ण होणारे जॉब एकाच आलेखात ठेवा आणि शेजारी व्यस्त थ्रेडचं प्रमाण. वय वाढतंय, थ्रेड भरलेत आणि आवक नेहमीचीच, तर जॉब मंदावलेत : डेटाबेस किंवा एसएमएस गेटवे तपासा. आवकच वाढली असेल तर वर्कर वाढवा, पण डेटाबेसची कनेक्शन पुरतील ना ते आधी बघा. थ्रेड रिकामे असूनही एखाद्या रांगेचं वय वाढत असेल, तर त्या रांगेचं नाव बहुतेक कुठल्याच प्रोसेसच्या कॉन्फिगरेशनमध्ये नाही, किंवा स्पेलिंग चुकलंय.

जॉबला लागणारा वेळ प्रोमेथियसच्या (आकडे गोळा करून साठवणाऱ्या प्रणालीच्या) हिस्टोग्रामनं मोजत असाल तर बकेट, म्हणजे वेळेचे ठरवलेले टप्पे, तपासा. क्लायंट लायब्ररींमध्ये त्या सहसा 10 सेकंदांवर संपतात. 90 सेकंदांच्या रिपोर्टचा 95वा पर्सेंटाइल (95 टक्के जॉब ज्याच्या आत संपतात तो वेळ) मग बरोब्बर 10 दिसत राहतो, आणि सपाट रेघ पाहून सगळे निर्धास्त होतात. बकेट 0.1, 0.5, 1, 5, 15, 60, 300, 900 अशा घ्या. लेबल जॉबच्या क्लासचं लावा. जॉब आयडी किंवा युजर आयडी लावलात तर टाइम सिरीजची (प्रत्येक वेगळ्या लेबलसाठी साठणाऱ्या आकड्यांच्या मालिकांची) संख्या फुगून प्रोमेथियसची मेमरी संपेल.

फसलेले जॉब वेगळ्या रिट्राय सेटमध्ये जातात, त्यामुळे रांगेच्या वयात ते येतच नाहीत. वेगळं काही सांगितलं नाही तर साइडकिक 25 वेळा, साधारण तीन आठवडे प्रयत्न करत राहतं. ओटीपीसाठी ही संख्या 2-3 वर आणा. रिट्राय सेटच्या आकाराचा आलेख ठेवा. डेड सेटचा (सगळे प्रयत्न संपलेले जॉब जिथे जातात त्याचा) मात्र आकार दाखवू नका : तो मुळात 10,000 जॉबवर थांबतो, जुने गळत जातात आणि रेघ स्थिर दिसते. तिथे तासाला किती जॉब मेले, ते क्लासनुसार मोजा.