बातमीपासून मूळ शोधनिबंधापर्यंत

प्रश्न : मी नाशिकमध्ये वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. द्राक्षावरील केवडा रोगाविषयी इंटरनेटवरील कोणती माहिती प्रबंधासाठी ग्राह्य धरावी?

उत्तर : बातमी केवळ वाट दाखवते, तिच्यात उल्लेखिलेला मूळ शोधनिबंध पबमेड किंवा गूगल स्कॉलरवर शोधून त्यातील पद्धती व नमुन्यांची संख्या आपण स्वतः वाचलीच पाहिजे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या बायोआर्काइव्ह या जीवशास्त्रविषयक संकेतस्थळावरील प्रीप्रिंट, म्हणजे शोधनिबंधांचे प्राथमिक मसुदे, तज्ज्ञांच्या परीक्षणापूर्वीच प्रसिद्ध होतात, हे संदर्भ देताना स्पष्ट नमूद करावे. निबंध मागे घेतलेला नाही ना, हेही पाहावे. ही तपासणी अनेकदा राहून जाते, याची मला खरोखर काळजी वाटते. केवड्याचा रोगकारक प्लाझ्मोपारा व्हिटिकोला हा खरी बुरशी नसून ऊमायसीट (बुरशीसारखा दिसणारा, पण वेगळ्या गटातील सूक्ष्मजीव) आहे, त्यामुळे बुरशीवरचे निष्कर्ष त्याला सरसकट लावणारा लेख सावधपणे वाचावा. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे संकेतस्थळही अवश्य पाहावे.