सोळा महिने झाले, अजून चालत नाही

प्रश्न : माझा मुलगा १६ महिन्यांचा आहे, ३४व्या आठवड्यात झाला. दिवाणाची कड धरून सरकतो पण हात सोडला की लगेच खाली बसतो. सासूबाईंनी वॉकर आणलाय, त्यात बसवू का? – एक आई, धायरी

उत्तर : ताई, आधी वयाचा हिशोब नीट करू, तो साधारण सहा आठवडे लवकर आला म्हणजे त्याचं वय साडेचौदा महिनेच धरायचं, यालाच दुरुस्त वय म्हणतात, दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत निरोगी मुलं ८ पासून ते साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही चालायला लागलेली दिसली, आणि काही तर रांगलीच नाहीत. कड धरून सरकतोय ही खरंच चांगली खूण आहे.

वॉकर मात्र नको. त्यात मूल टाचा उचलून पंजांवर ढकलत राहतं, तोल सांभाळायला शिकतच नाही, शिवाय जिना, उंबरा यांची भीती. कॅनडाने तर २००४ पासून त्यावर बंदीच घातलीय. आपला लाकडी पांगुळगाडा चालेल, पण तुम्ही शेजारी हवं. घरात अनवाणी ठेवा, खेळणं दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

पण एकच हात किंवा पाय जास्त वापरतो, अंग फार ढिलं किंवा ताठ वाटतं, आधी जमत होतं ते आता जमत नाही, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दुरुस्त वयाने १८ महिने झाले नि चालला नाही तरीही. अंगणवाडीतसुद्धा विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी मोफत होते.