पट्ट्याची बंदूक आणि माळ्यावरची ठासणी

प्रश्न : खानापूर तालुक्यात जंगलाला लागून आमची भात आणि उसाची जमीन आहे. सुगीच्या तोंडावर रानडुकरे आणि गवे एका रात्रीत पीक लोळवून जातात. माझा पुतण्या अमेरिकेत टेक्सासला असतो. काडतुसांच्या लांब पट्ट्यावर चालणारी सेमी-ऑटोमॅटिक बंदूक तिथे सामान्य माणसालाही घेता येते, असे तो म्हणतो. हे खरे आहे का? कर्नाटकाच्या कायद्यात अशी बंदूक बसते का, की महाराष्ट्रातून परवाना काढणे सोपे पडेल? वडिलांची ठासणीची बंदूक माळ्यावर आहे, पण वडील जाऊन दोन वर्षे झाली आणि ती आता निकामीच आहे.
– एक शेतकरी वाचक, खानापूर तालुका

उत्तर : पुतण्या सांगतो ते टेक्सासपुरते खरे आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात काडतुसे पेटीतून (मॅगझिनमधून) येतात की पट्ट्यातून, याला महत्त्व नाही. चाप एकदा ओढल्यावर किती गोळ्या सुटतात, हे पाहिले जाते. एकाहून अधिक सुटल्या तर १९३४च्या कायद्याप्रमाणे ती मशीनगन ठरते, आणि १९ मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन तिथल्या नागरिकालाही घेता येत नाही. दर गोळीला चाप नव्याने ओढावा लागत असेल, तर पट्टा असला तरी ती मशीनगन नव्हे. मात्र तिथली राज्ये यावर आपापले कायदे करतात. इलिनॉयने जानेवारी २०२३मध्ये पट्ट्यावर चालणाऱ्या सगळ्या सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांची विक्री बंद केली, तर न्यूयॉर्कमध्ये दहाहून अधिक काडतुसे मावणारी पेटी जशी चालत नाही तसा पट्टाही चालत नाही.

आपल्याकडे राज्याचा असा वेगळा कायदाच नाही. शस्त्रास्त्रे हा विषय राज्यघटनेने केंद्राच्या सूचीत ठेवला आहे, त्यामुळे १९५९चा शस्त्र अधिनियम खानापूरला जसा लागू आहे तसाच पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडलाही आहे, आणि अर्ज तर आपण जिथे राहता तिथेच करावा लागतो. सीमेपलीकडे काम सोपे होईल असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर त्याच्या नादी लागू नका. कर्नाटकातल्याच कोडगू जिल्ह्यातील कोडवा समाजाला आणि जम्मा (तिथल्या वंशपरंपरागत) जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे हे खरे, पण तीही केंद्राच्याच अधिसूचनेने मिळालेली आहे आणि बेळगाव जिल्ह्याला ती लागू नाही.

चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, अशी बंदूक या कायद्यात प्रतिबंधित शस्त्र आहे. ती विनापरवाना बाळगल्यास किमान सात वर्षांची कैद आहे. सेमी-ऑटोमॅटिक रायफलचा परवानाही जिल्हाधिकारी देत नाहीत, तो अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे. शेतराखणीसाठी कायदा नाव घेतो ते ठासणीच्या बंदुकीचे, आणि ती अपुरी पडत असल्याचे अधिकाऱ्यास पटले तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचे. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे; रानडुकरासाठीसुद्धा १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी लेखी परवानगी लागते.

आता आपण जाता जाता लिहिलेल्या शेवटच्या वाक्याकडे वळतो, कारण पत्र वाचून मला खरी काळजी त्याचीच वाटली. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नावाचा नव्हे. धारक वारल्यावर बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. आज ती आपल्या ताब्यात विनापरवाना आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. ती चालत नाही, हे आपले मत झाले. ते तपासून ठरवायचे असते.

म्हणून या आठवड्यातच ठाण्यात जाऊन झालेला उशीर मोकळेपणाने सांगावा, शक्य तर वकिलाला सोबत घ्यावे, आणि वडिलांचे परवाना-पुस्तक व मृत्यूचा दाखला बरोबर न्यावा. बंदूक जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय उठू नये. पुढे वारस म्हणून आपल्या नावाने परवान्याचा अर्ज डीसी ऑफिसात (जिल्हाधिकारी कार्यालयात) करता येतो; इतर भावंडे असतील तर त्यांची संमती आधीच लेखी घेऊन ठेवावी. अर्ज न करता मुदत उलटू दिली, तर बंदूक सरकारजमा होऊ शकते.

एक मात्र करू नका : माळ्यावरून काढून तिचा चाप ओढून पाहू नका. ठासणीच्या बंदुकीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी ती कोणी भरून ठेवली होती का, हे आज घरात कुणालाच सांगता येणार नाही. ती हलवण्याआधी ठाण्यात कळवा, भरलेली असण्याची शक्यता सांगा, आणि तोवर मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका.