पेपर पक्षपाती असतात का आणि त्यानं लोकांची मतं बदलतात का? बेळगावातनं उत्तर

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, वर्तमानपत्रं पक्षपाती असतात का आणि त्यामुळं लोकांची मतं खरंच बदलतात का. पहिल्याचं उत्तर हो, सगळी. दुसऱ्याचं उत्तर मात्र बहुतेकांना वाटतं तसं नाही, त्यासाठी जरा लांबण लावावी लागेल.

मी बेळगावचा, शाळेत कन्नड सक्तीचं होतं म्हणून दोन्ही भाषा वाचता येतात (तेव्हा लई शिव्या घातल्या त्या विषयाला). आमच्याकडं एकाच स्टॉलवर मराठी आणि कन्नड पेपर शेजारी शेजारी मिळतात, त्यामुळं पक्षपात कसा असतो ते बघायला फार लांब जावं लागत नाही. 2 नोव्हेंबरचे पेपर घ्या कुठल्याही वर्षीचे. आदल्या दिवशी कर्नाटक राज्योत्सव असतो आणि त्याच दिवशी मराठी लोक काळा दिन पाळतात, 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात (म्हणजे आताच्या कर्नाटकात) घातलं म्हणून. मराठी पेपरात काळ्या दिनाच्या फेरीचा मोठा फोटो, गर्दी एकदम प्रचंड, आणि चन्नम्मा सर्कलची राज्योत्सवाची मिरवणूक आतल्या पानावर कुठंतरी, तीपण ट्रॅफिक जाम झाला म्हणून. कन्नड पेपरात चन्नम्मा सर्कलला जनसागर आणि आमची फेरी सिंगल कॉलम, परवानगी होती का नव्हती एवढ्यापुरती. गंमत म्हणजे दोघांपैकी कुणीच खोटं छापलेलं नसतं, फोटो खरे, माणसं खरी. कुठल्या पानावर, किती कॉलम, हेडिंग काय आणि काय गाळलं, सगळा खेळ तिथं असतो.

गाळण्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण महाजन आयोग, म्हणजे सीमावाद सोडवायला केंद्रानं नेमलेला आयोग. 1966 ला नेमला, 1967 ला अहवाल आला, बेळगाव शहर म्हैसूरकडंच राहू दे म्हणाला. कर्नाटक म्हणतं हाच अहवाल अंतिम. पण त्याच अहवालात निपाणी, खानापूर, नंदगड धरून 264 गावं महाराष्ट्राला द्या असंही लिहिलंय, आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची 247 गावं कर्नाटकाला. महाजन अंतिम म्हणजे निपाणी सोडायची, हे वाक्य मला कन्नड पेपरात क्वचित वाचायला मिळालं. आणि आमचे मराठी पेपर? ते महाराष्ट्राचा 865 गावांवरचा दावा रोज छापतील, 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडलेली केस छापतील, पण आयोग नेमा ही मागणी महाराष्ट्राचीच होती, सेनापती बापटांनी त्यासाठी उपोषण केलेलं, हे सांगताना हात आखडतो. म्हणजे दोन्हीकडच्या वाचकाला अर्धा अर्धा महाजन मिळतो आणि तो अर्धा घेऊन लोक एकमेकांशी भांडतात.

आता हे होतं कसं. लोकांना वाटतं मालकाचा फोन येतो आणि बातमी दाबली जाते. येतो कधी कधी फोन, पण रोजचं काम फोनवर चालत नाही. मी काही वर्षं एका पेपरात पानं लावायला होतो, नाव सांगत नाही. संध्याकाळी आधी ॲडचा डमी येतो, म्हणजे कुठल्या पानावर किती जागा जाहिरातीनं घेतली ते, आणि उरलेल्या जागेत बातम्या बसवायच्या. वाचक जे पैसे देतो त्यात छापायचा खर्चही निघत नाही, पेपर जगतो तो जाहिरातीवर. आणि तालुक्याच्या गावचा जो वार्ताहर असतो त्याला मानधन नावापुरतं, त्याची खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर, म्हणजे बातमी देणारा आणि ॲड मागायला जाणारा माणूस एकच! आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, आणि कारखान्याचा चेअरमन, सोसायटीचा चेअरमन आणि आमदारकीचा उमेदवार एकाच घरात सापडतात. त्यांच्या वाढदिवसाची पुरवणी ज्यानं गोळा करायची त्यानंच उसाचं बिल थकलं म्हणून लिहायचं, कसं लिहील तो, तुम्हीच सांगा. त्याला कुणी धमकी देत नाही की काय नाही, तो आपसूकच लिहीत नाही. सीमाप्रश्नावर मात्र तो एकदम वाघ असतो कारण तिथं त्याची एकही ॲड जात नाही.

भाषेचा पक्षपात सगळ्यांना दिसतो म्हणून त्याच्यावर आरडाओरडा होतो, पैशाचा पक्षपात दोन्ही भाषेत सारखाच आहे आणि त्याच्यावर कोण बोलत नाही. माझ्या मते दुसरा जास्त वाईट.

बरं, मतं बदलतात का. अमेरिकेत 1968 च्या निवडणुकीवेळी मॅककॉम्ब्स आणि शॉ या दोघांनी चॅपल हिल गावातल्या 100 मतदारांना, ज्यांचं मत कुणाला द्यायचं अजून ठरलं नव्हतं अशांना, विचारलं की महत्त्वाचे विषय कुठले वाटतात, आणि तिथल्या पेपर-टीव्हीत कशाला किती जागा मिळते ते मोजलं. दोन्ही याद्या जवळजवळ जुळल्या. म्हणजे पेपर तुम्हाला काय मत बनवायचं ते सांगू शकेल न शकेल, पण कशावर मत बनवायचं ते तोच ठरवतो. बेळगावला हे शंभर टक्के लागू. आमचे मराठी पेपर इतकी वर्षं महाराष्ट्र एकीकरण समितीच्या (बेळगाव महाराष्ट्रात घाला म्हणणाऱ्या पक्षाच्या) मागं उभे आहेत, तरीपण 2018 आणि 2023 च्या विधानसभेला समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. 2021 ला महापालिकेत 58 पैकी 35 जागा भाजपनं घेतल्या, ज्या महापालिकेवर कितीतरी वर्षं मराठी गटाचा महापौर असायचा. घरोघरी तोच पेपर वाचला जात होता की! सकाळी समितीचा अग्रलेख वाचून लोकांनी दुपारी दुसरीकडं बटण दाबलं. म्हणून पेपरवाल्यांनी मतं फिरवली असं कोण छातीठोकपणे म्हणालं की मला हसू येतं.

पण विषय कुठला, ते बघा. बळ्ळारी नाल्याला दर पावसाळ्यात पूर येतो, शहापूर-वडगाव शिवारातलं भात पाण्याखाली जातं, हलगा-मच्छे बायपासला सुपीक जमीन जाते म्हणून शेतकरी किती वर्षं भांडतायत, आणि तो शेतकरी मराठी पण आहे कन्नड पण आहे. हे छापून येतं, नाही असं नाही, पण कुठं बोर्डावरच्या भाषेवरून राडा झाला की तेच आठवडाभर पहिल्या पानावर आणि नाला पुन्हा आत. फेब्रुवारी 2025 ला बाळेकुंद्रीजवळ बस कंडक्टरला मारहाण झाली, भाषेवरून झाली असा आरोप झाला, मग उलट त्या कंडक्टरवर पण तक्रार झाली आणि पुढं ती मागं घेतो असं कुटुंबानं सांगितलं, तोवर दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद पडल्या होत्या. ज्यानं फक्त मराठी पेपर वाचला त्याच्या डोक्यात दुसरी तक्रार ठळक राहिली, ज्यानं फक्त कन्नड वाचला त्याच्या डोक्यात मारहाण. पेपरचा खरा परिणाम मला इथं दिसतो, समोरचा माणूस कसा आहे याचं चित्र डोक्यात पक्कं होतं, मत कुणालाही दिलं तरी.

अजून एक गोष्ट, ही स्वतःला लावून बघा. 1982 च्या बैरूतमधल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या होत्या, अभ्यास 1985 ला छापून आला. इस्रायलच्या बाजूची पोरं म्हणाली बातम्या इस्रायलविरोधी आहेत, अरबांच्या बाजूची म्हणाली अरबविरोधी आहेत, आणि बातम्या त्याच! आमच्याकडं एखाद्या इंग्रजी पेपरनं दोन्ही बाजू सरळ दिल्या की मराठी माणूस म्हणतो हा बेंगळूरचा पेपर, आणि कन्नड माणूस म्हणतो ह्याचा मालक मुंबईचा असणार. तेव्हा अमुक पेपर विकला गेलाय असं वाटलं की आधी एवढंच बघायचं, त्यात चूक काय छापलंय ते बोट ठेवून दाखवता येतंय का, की नुसता राग येतोय.

कुठला पेपर वाचू असं विचाराल तर कुठलापण वाचा, पण महत्त्वाच्या बातमीला दुसऱ्या भाषेतला एक बघा, मोबाईलनं फोटो काढून भाषांतर होतंय आता, मोडकंतोडकं का असेना. निवडणुकीत तर दोन वेगवेगळे पेपर समोरासमोर ठेवाच. 2009 च्या महाराष्ट्र विधानसभेवेळी वेगवेगळ्या पेपरांत एकाच नेत्याची स्तुती शब्दन् शब्द सारखी आलेली, पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं आणि पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन बातमी छापायचं हे प्रकरण प्रेस कौन्सिलपर्यंत गेलं. उमेदवाराची बातमी, खाली बातमीदाराचं नाव नाही आणि दोन्हीकडं तीच वाक्यं, असं दिसलं तर ती जाहिरात धरून चाला.