गॉगल डोळ्यात रुतला म्हणून काच जाड करू नको, भाऊ

साक्री तालुक्यातून अकरावी सायन्सच्या एका पोराचं पत्र आलंय, चार पानी, मधे मधे बॉलपेनने काढलेली मास्कची चित्रं. थोडक्यात सांगतो. शेतातल्या विहिरीत मोटरीचा फुटवॉल (पाइपच्या तळाची झडप) अडकला की गावात यालाच बोलवतात, २५ फूट पाण्यात दम धरून जातो. मागच्या महिन्यात पोहायचा गॉगल घालून गेला तर तो खाली गेल्यावर डोळ्यात रुतला आणि वर आला तेव्हा डोळ्यातला पांढरा भाग लालभडक, अजून पूर्ण गेला नाही. आता त्याला पाण्याचा दाब सहन करणारा मास्क डिझाइन करायचाय, १० एमएम जाड पॉलीकार्बोनेटची, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिकची काच लावून, आणि विचारतोय की याचा कोर्स कुठला. वडील, म्हणजे नाना, म्हणताय की डिझाइन म्हणजे सुरतच्या साडीवरची नक्षी, त्यापेक्षा आयटीआय करून मोटर रिवाइंडिंग शिक, आणि "आधी हेरमाईन बाहेर निंघ", म्हणजे आधी विहिरीतून बाहेर निघ.

भाऊ, नानांच्या शेवटच्या वाक्याला माझा फुल सपोर्ट आहे, त्यावर नंतर येतो. पहिले डोळे डोळ्यांच्या डॉक्टरला दाखव. आतली बारीक रक्तवाहिनी फुटली की पांढऱ्यात रक्त उतरतं, बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसात आपोआप जातं, पण तुझं महिनाभर आहे, म्हणून जाऊन ये.

आता तुझ्या मास्ककडे येऊ. चित्र छान काढतोस, खरंच, पण तू ज्याच्याशी भांडतोय तो दुश्मनच चुकीचा धरलाय. काच फुटली होती का? नाही ना. गॉगलची काच एकदम शाबूत होती आणि डोळा फुटायला आला होता, म्हणजे गडबड काचेत नाहीच. पाण्यात दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे साधारण दर चौरस सेंटीमीटरला एक किलो. तुझे २५ फूट म्हणजे साडेसात मीटरच्या वर थोडं, तिथे जादाचा दाब झाला पाऊण किलो. आता मास्कची काच धर १०० चौरस सेंटीमीटर, आतली हवा वरच्यासारखीच राहिली तर काचेवर ७५ किलो, कांद्याच्या दीड गोणी! तुझ्या गॉगलची एक वाटी २० चौरस सेंटीमीटर धरली तरी १५ किलो एकेका डोळ्यावर. काच १० एमएम कर नाहीतर २० कर, ती गोणी उचलून कुठे ठेवणार, ती फ्रेममधून तुझ्या गालावरच येणार. आणि आत दाब कमी, बाहेर जास्त, त्यामुळे तुझा डोळा आणि आजूबाजूची कातडी त्या वाटीत ओढली जाते, कपिंगवाले पाठीवर वाट्या लावतात ना, तसंच.

मग डायव्हर लोक ३० मीटर जातात ते कसे? त्यांचा मास्क दाब सहन करतच नाही, तो आतला आणि बाहेरचा दाब सारखा करू देतो, बस. डायव्हिंगच्या मास्कमध्ये नाक आत असतं, हा आहे खरा फरक. खाली जाता जाता नाकातून थोडी थोडी हवा मास्कमध्ये सोडायची. बॉइलचा नियम केमिस्ट्रीत आहे तुला, मार्कांपुरता पाठ केला असशील, आता इथे लाव: मास्कमध्ये वर १५० मिली हवा असेल तर २५ फुटावर ती आकसून ८५ मिलीच्या आसपास होते, ती तूट नाकातून भरली की काचेवर दोन्ही बाजूने सारखा दाब, रुतायचं कामच नाही. तुझ्या गॉगलमध्ये नाक बाहेर, म्हणजे आत हवा भरायला रस्ताच नाही, तू कितीही दमदार गडी असलास तरी. पोहायच्या गॉगलने खोल जाऊ नये ते यासाठीच. आणि ते रबराचं नाक चिमटीत धरता येतं, म्हणजे कानाचा दाबही सोडता येतो. यूट्यूबवर पूर्ण चेहरा झाकणारे स्नॉर्कलचे मास्क बघून तू तिसरं चित्र काढलंय, ते वरवर पोहायला ठीक, पण त्यात नाक चिमटता येत नाही आणि आत हवेची जागा एवढी मोठी की दम धरून जाणाऱ्याची फुफ्फुसातली हवा ती भरण्यातच संपेल. म्हणून फ्रीडायव्हिंगवाले उलट बारीक, डोळ्याला एकदम जवळ काच असलेला मास्क वापरतात. जाड भिंत करून दाबाशी खरंच लढायचं असेल तर ते काम वेगळं, समुद्रयान या भारताच्या खोल समुद्र मोहिमेतल्या मत्स्य ६००० पाणबुडीत तीन माणसं ६००० मीटर खाली न्यायची आहेत, आतला दाब आपल्या घरातल्यासारखा ठेवून, म्हणून तिथे ८० एमएम जाडीचा टायटॅनियमचा गोल लागतो. चेहऱ्यावर तसं काही बांधता येत नाही.

काचेचं महत्त्व आहे, पण दुसऱ्या कारणाने. डोळ्यासमोर हवा लागते म्हणून ती असते, पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो तो आकडा) १.३३, त्यामुळे मास्कमधून सगळं जवळ आणि पाव-तृतीयांशाने मोठं दिसतं (म्हणून विहिरीतला मासा वर आणल्यावर छोटा निघतो, तुझी चूक नाही). साधी टफन केलेली सपाट काच पुरते, ओरखडे पडत नाही, फुटली तरी सुऱ्यासारखे तुकडे होत नाही. पॉलीकार्बोनेट ओरखडतं.

खरं डिझाइन कुठे आहे सांगू? कडेला. चेहऱ्याला चिकटणारी ती सिलिकॉनची मऊ झालर, स्कर्ट म्हणतात तिला. मी या फील्डमध्ये येण्याआधी चार वर्ष जळगाव एमआयडीसीत टूलरूमला काढली, मोल्ड म्हणजे साचे बनवायचे, त्यामुळे मला हे काच-बिच सोडून तिथेच बघायची सवय. तुमच्या शेतातल्या पीव्हीसी पाइपच्या सॉकेटमधली रबर रिंग काढून बघ, तिला एक ओठ असतो, पाण्याचा दाब आला की तो ओठ पाइपला आणखी घट्ट दाबला जातो. हातपंपाचा चामड्याचा वायसर पण तसाच, वाटीसारखा, पाण्यानेच फुगून भिंतीला लागतो. मास्कची झालर पण अशीच आत वळलेली, दोन पदरी, कडेला कागदासारखी पातळ होत गेलेली, बाहेरचं पाणीच तिला गालावर बसवतं. पट्टा फक्त जागेवर ठेवायला. नवशिके लोक पट्टा आवळत बसतात आणि झालर चुरगळून जास्तच गळतं.

एक आठवण सांगतो, म्हणजे तुला कळेल की हे कागदावरचं काम नाही. एका गिऱ्हाइकासाठी आम्ही रबरी सील काढले, ड्रॉइंग एकदम परफेक्ट, माप मायक्रोनमध्ये, आणि माल परत आला, सगळा, टेम्पो भरून. मी सील हातात घेऊन कडेवरून नख फिरवलं तर नखाला बारीक रेघ लागली, केसाएवढी. मोल्डचे दोन भाग जिथे जुळतात ती पार्टिंग लाइन मी बरोबर सील बसण्याच्या ओठावर आणून ठेवली होती, आणि त्या रेघेतून पाणी झिरपत होतं. ड्रॉइंगमध्ये ती रेघ नसतेच. तेव्हापासून कुठलाही मास्क हातात आला, अगदी दवाखान्यातला ऑक्सिजनचा, तरी मी पहिले कडेवरून नख फिरवतो, बायको हसते.

म्हणून कोर्सचं उत्तर: मास्क डिझाइनचा वेगळा कोर्स भारतात शोधत बसू नको. तुला तीन गोष्टी लागणार, माणसाचा चेहरा कळणं, रबर-प्लास्टिक कळणं, आणि मोल्ड कळणं. रस्ते दोन आहेत आणि मी म्हणतो दोन्हीचे फॉर्म भर. एक, बारावीनंतर यूसीड, ही डिझाइनची प्रवेश परीक्षा आयआयटी मुंबई घेते, त्यातून तिथल्याच आयडीसी या डिझाइन विभागात बी.डेस. म्हणजे डिझाइनची पदवी होते, आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा डॅट वेगळी, अहमदाबाद साक्रीहून काही लांब नाही. यूसीडमध्ये हाताने चित्र काढायचा भाग असतो आणि तुझा हात चांगला आहे म्हणून म्हणतोय, सगळ्यांना म्हणत नाही. सीटा कमी, गर्दी खूप, त्यामुळे फक्त याच्यावर अवलंबून राहू नको. दुसरा रस्ता एमएचटी-सीईटी देऊन मेकॅनिकल किंवा पॉलिमर, जळगावच्या शासकीय अभियांत्रिकीत मेकॅनिकल आहे, मुंबईच्या आयसीटीला (रसायन तंत्रज्ञान संस्था) पॉलिमर आहे, आणि इंजिनीअरिंग झाल्यावर सीड ही परीक्षा देऊन एम.डेस. म्हणजे डिझाइनची मास्टर्स करता येते, माझ्या बघण्यात या रस्त्याने गेलेली पोरं जास्त टिकतात कारण त्यांना मशीन माहीत असतं. रबराचंच वेड लागलं तर खरगपूर आयआयटीत रबर टेक्नॉलॉजीचं एम.टेक. आहे. घरची परिस्थिती लवकर कमवायची असेल, जे तू लिहिलं नाहीस पण नानांच्या बोलण्यातून वाटतं, तर संभाजीनगरला सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेचा प्लास्टिक मोल्डचा डिप्लोमा आहे आणि तिथेच इंडो-जर्मन टूलरूम, दोन्ही दहावीवर होतात, पण अकरावी अर्धवट सोडून पळू नको, बारावीपर्यंत थांब.

नानांना एक सांग, डिझाइन म्हणजे नक्षी हे अगदीच चूक नाही, पण ते इथे लागू नाही. आणि त्यांचा जो खरा प्रश्न आहे, जो त्यांनी विचारला नाही पण मला ऐकू आला, की असल्या मास्कवर पोट भरेल का, तर प्रामाणिकपणे, फक्त डायव्हिंगच्या मास्कवर आपल्याकडे भरणं अवघड. डायव्हिंग चालतं ते अंदमान, लक्षद्वीप, गोवा, मालवणकडे, आणि दुकानात मास्क बहुतेक बाहेरच्या ब्रँडचे. पण चेहऱ्यावर न गळता बसणारी मऊ वस्तू ज्याला बनवता येते त्याला हॉस्पिटलचे ऑक्सिजन मास्क, झोपेत घोरणाऱ्यांचे सीपॅप मास्क, फॅक्टरीतले धुळीचे-गॅसचे मास्क, सगळीकडे काम आहे. २०२० च्या मार्चमध्ये इटलीत दवाखान्यातले मास्क संपायला लागले तेव्हा इसिनोव्हा नावाच्या छोट्या कंपनीने डेकॅथलॉनचा तोच स्नॉर्कलचा पूर्ण चेहऱ्याचा मास्क घेतला, थ्रीडी प्रिंटरवर एक जोड काढला आणि तो ऑक्सिजनच्या नळीला लावला. म्हणजे पोहायचा मास्क आणि दवाखान्यातला मास्क एकमेकांपासून एका जोडाएवढेच लांब. रिवाइंडिंग पण वाईट धंदा नाही, उन्हाळ्यात मोटरी जळतात तेव्हा वाइंडरचीच दिवाळी असते, पण तुझी चार पानं वाचून मला त्यात वाइंडिंगचं एक पण चित्र दिसलं नाही.

आता विहिरीचं. मोटर काढायला उतरताना नुसता स्टार्टर बंद करून चालत नाही, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेव, लाइट गेलेली असते ती मधेच येते आणि कोणीतरी बटण दाबतं. एकटा जाऊ नको, कमरेला दोर आणि वर दोर धरणारा माणूस, मोबाईल बघणारा नाही. उतरायच्या आधी धापा टाकून भराभर श्वास घ्यायचा आणि मग जास्त वेळ दम धरायचा हे तू लिहिलंय अगदी शान मारत, ते आजपासून बंद, त्याने दम वाढत नाही, फक्त श्वास घ्यायची तलफ उशिरा लागते आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध होतो. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची नळी तोंडात धरून खाली जायची आयडिया चौथ्या पानावर आहे, ते पान मी फाडून टाकलं, खरंच. त्या हवेत तेल आणि धूर असतो, आणि खाली दाबातली हवा घेऊन श्वास रोखून वर आलास तर ती फुफ्फुसात फुगते, पाच-सात मीटरवरून पण माणूस मरतो. आणि जुनी बंद पडलेली विहीर असेल तर तिथे आत हवाच खराब असते, जुने लोक आधी कंदील सोडून बघायचे आणि विझला की माघारी फिरायचे ते उगाच नाही.

मग तोपर्यंत काय करायचं? खूप काही, आणि विहिरीत न जाता. एक साधा नाकवाला सिलिकॉन मास्क घे, पट्टा न लावता चेहऱ्याला लाव, नाकाने श्वास आत ओढ, हात सोडल्यावर पण चिकटून राहिला तर तुझ्या चेहऱ्याला बसतो. मग घरातल्या, गल्लीतल्या, वर्गातल्या ३० जणांवर हेच कर आणि वही ठेव: गालाची हाडं, नाकाची रुंदी, कपाळ ते वरचा ओठ, पट्टीने मोजून, आणि कोणाला कुठून सुटतो. ही वही यूसीडच्या मार्कांपेक्षा पुढे कामाला येईल, कॉलेजमध्ये गेल्यावर पोर्टफोलिओ मागतात तेव्हा. चेहऱ्याचे साचे आरटीव्ही सिलिकॉन (न तापवता घट्ट होणारं) ओतून वगैरे नंतर, ते महाग पडतं आणि पहिल्यांदा हमखास बुडबुडे येतात.

पहिलं माप नानांचं घे. मिशी आहे ना त्यांना? मग सिमेंटच्या हौदात त्यांना मास्क लावून तोंड बुडवायला सांग, मिशीच्या केसाखालून झालर उचलली जाते, आणि पाणी नेमकं कोणत्या कोपऱ्यातून शिरतं ते तिथल्या तिथे चित्र काढून मला पाठव.