जांभ्याची भिंत आणि ओलावलेली पुस्तकं

प्रश्न : आमच्या वाचनालयाची जुनी इमारत जांभा दगडाची, चुन्यात बांधलेली आहे. आतून सिमेंटचा गिलावा केल्यापासून भिंतीला चार फुटांपर्यंत ओल येते, पांढरी पूड सुटते, रंगाचे पोपडे पडतात. वॉटरप्रूफ रंग लावावा का?
– कार्यवाह, कोकण

उत्तर : मुळीच नको. जांभा जमिनीतलं पाणी शोषून वर चढवतो. पूर्वी ते चुन्यातून हवेत उडून जायचं. सिमेंटने ती वाट बंद केली, म्हणून ओल आणखी वर चढली. वॉटरप्रूफ रंगाने उरलीसुरली वाटही बुजेल. पांढरी पूड म्हणजे क्षार. गिलाव्यामागे त्यांचे स्फटिक फुगतात आणि पोपडे उडतात.

आधी बाहेर बघा. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडतं का? पेव्हर ब्लॉक बसवताना अंगण आतल्या जमिनीपेक्षा वर आलंय का? हे सुधारल्याशिवाय आत हात घालू नका.

दिवाळीनंतर ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत सिमेंट छिन्नीने काढा. ब्रेकर नको, जांभ्याचे टवके उडतात. क्षार कोरड्या ब्रशने झाडा. धुतलेत तर पुन्हा दगडात मुरतील. भिंत दोन-तीन महिने उघडी राहू द्या. मग नव्या गिलाव्यासाठी एक भाग मुरवलेला चुना, एक भाग सुरकी (भाजलेल्या विटांची पूड), दोन भाग धुतलेली नदीची वाळू. खाडीची वाळू फुकट मिळाली तरी नको, त्यात मीठ असतं. थर 10-12 मिलिमीटरचे. पहिला घट्ट झाल्यावर दुसरा, आणि आठवडाभर ओली गोणपाटं. गवंडी ‘लवकर धरावं म्हणून’ मूठभर सिमेंट टाकू बघेल, तिथे उभं राहायलाच हवं. वर पुट्टी नाही, चुन्याची सफेदी.

कपाटं भिंतीपासून किमान 10 सेंटिमीटर पुढे ओढा.

प्रश्न : पुस्तकांना बुरशी आलीय. उन्हात घालावीत का?

उत्तर : उन्हाने कागद पिवळा आणि ठिसूळ होतो. बाकीच्यांपासून वेगळी करून सावलीत, वाऱ्यावर उभी, पानं उघडून वाळवा. ओली बुरशी पुसली की पानभर पसरते. पूर्ण सुकल्यावर मास्क लावून, खोलीबाहेर, मऊ ब्रशने झाडा. डांबरगोळ्यांनी बुरशी जात नाही. खोलीत आर्द्रतामापक ठेवा, 65 टक्क्यांच्या वर काटा टिकला की बुरशी परतते.

फाटलेल्या पानांना सेलोटेप नको. गव्हाच्या खळीने जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) लावा, पण बाइंडर घालतात तसा खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालू नका.