अमोनियाची भट्टी पेटवण्याआधी

कुपवाड, सांगली

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

प्रोजेक्टला अमोनियावर चालणारी भट्टी घेतलीस, वाचून फार आनंद झाला. माझा सगळा जन्म याच वायूसोबत गेला, पण उलट्या कामात. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला तो गारवा देतो. तुला त्याच्याकडून आच हवी आहे.

जळताना कार्बन डायऑक्साइड निघत नाही, असं तू लिहिलंस. खरं आहे, त्यात कार्बनच नाही. पण तो अमोनिया आला कुठून? आज मिळतो तो बहुतेक नैसर्गिक वायू नाहीतर कोळशापासून बनतो. वायूपासून केला तरी टनामागे साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड खताच्या कारखान्यातच हवेत जातो. आपल्या चुलीचा धूर शेजारच्या अंगणात सोडल्यासारखंच झालं. अमोनियाला लागणारा हायड्रोजन सौर किंवा पवन विजेनं पाण्यातून काढला, तर गोष्ट वेगळी. अहवालात हा हिशेब पहिल्या पानावर घे.

मग ज्योत. मिथेनची ज्योत सेकंदाला ४० सेंटिमीटरच्या आसपास सरकते, अमोनियाची जेमतेम ७. म्हणून ती विझते. थोडा अमोनिया तापवून फोडायचा आणि निघालेला हायड्रोजन बर्नरला जोडीला द्यायचा, हा उपाय मला पटतो. किलोमागे उष्णताही डिझेलच्या निम्म्याहून कमी, तेव्हा टाकी मोठी धर. धुरात नायट्रस ऑक्साइड मोजल्याशिवाय राहू नकोस. तो वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त पृथ्वी तापवतो.

जपानमध्ये हेकिनानच्या कोळसा वीजकेंद्रात २०२४ साली २० टक्के अमोनिया मिसळून चाचणी झाली. उरलेला ८० टक्के कोळसाच होता, तेही लिही. आणि आपल्या साखर कारखान्यांना हे सुचवू नकोस, त्यांच्याकडे जाळायला बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं, आहे.

आता माझ्या काळजीचं. एकदा रात्रपाळीत व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून, अमोनियाची गळती झाली. डोळे मिटले, श्वास कोंडला. मी वाऱ्याला आडवा पळालो म्हणून वाचलो. सोबतचा पोरगा वाऱ्याच्या दिशेनं धावला आणि महिनाभर खोकत होता. हवेत पसरलेल्या वायूवर पाण्याचा फवारा चालतो, पण जमिनीवर साचलेल्या द्रवावर पाणी ओतलंस तर तो उकळून आणखी उसळतो. पितळेची, तांब्याची फिटिंग कुठेही लावू नकोस, तो ती खातो.

रविवारी सकाळी तासगावला ये. ओळखीच्या स्टोरेजच्या मशीन रूममध्ये तुला तासभर उभं करतो. बूट घालून ये, चप्पल नको.

तुझा,
काका